वाचक विचारतात : ताण, बालपण आणि जनुकं

प्रश्न : आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. वडिलांच्या दारूपायी घरात रोजची मारहाण. धाकटी त्यातून सावरली, मी मात्र आजही कुणी आवाज चढवला की थरथरते. हे रक्तातच असतं का? जनुकांची तपासणी करून घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तपासणीवर पैसे घालवू नका. कारण सांगतो.

धोका दिसला की मेंदूच्या हुकमावरून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. हेच कॉर्टिसॉल पुढे मेंदूतल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि 'आता पुरे' असा निरोप देतं. एफकेबीपी-5 या जनुकापासून बनणारं प्रथिन त्या रिसेप्टरची पकड सैल करतं. जनुकाच्या एका प्रकारात कॉर्टिसॉल वाढलं की हे प्रथिन जास्तच तयार होतं, मग निरोप नीट पोचत नाही आणि घाबरलेलं शरीर लवकर शांत होत नाही.

अमेरिकेत अटलांटामधल्या सार्वजनिक रुग्णालयात सुमारे 900 रुग्णांवर झालेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या जनुकावरून आघातोत्तर ताणाची लक्षणं ओळखता आली नाहीत. लहानपणी छळ झालेल्यांमध्येच जनुकाच्या प्रकाराने फरक पडला. 2013 साली त्यामागची एक यंत्रणा पुढे आली. त्या विशिष्ट प्रकारात बालपणीच्या छळानंतर जनुकाला लगाम घालणाऱ्या मिथाइलच्या रासायनिक खुणा पुसल्या जातात आणि जनुक सैल सुटतं. मोठेपणीच्या आघाताने तसं झालेलं दिसलं नाही.

सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जनुकं सारखी येतात. शिवाय घर एक असलं तरी बालपण एक नसतं : मारहाण सुरू झाली तेव्हा कोण किती वर्षांचं होतं, मध्ये कोण पडायचं, आजोळी कोण राहायचं, यानेही फरक पडतो. आणि हा जनुकप्रकार ठणठणीत माणसांतही सर्रास आढळतो, त्यामुळे अहवाल हाती आला तरी उपचार बदलत नाहीत. एकेका जनुकावर भिस्त ठेवण्याचा अनुभवही चांगला नाही. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित जनुकाच्या एका प्रकारामुळे ताणानंतर नैराश्य येण्याची शक्यता वाढते, हा 2003 मधला गाजलेला निष्कर्ष 2009 च्या एकत्रित विश्लेषणात टिकला नाही. थरथर कमी व्हायला आघातावर काम करणारे मानसोपचार आहेत. सुरुवात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावरून करता येईल.

प्रश्न : मग कॉर्टिसॉल तरी मोजावं का? (पुणे)

उत्तर : रक्तातली सकाळी आठची तपासणी कुशिंग, ॲडिसन अशा ग्रंथींच्या आजारांसाठी असते. ताण मोजायला ती कामाची नाही. जाग आल्यावर 30 ते 45 मिनिटांत पातळी शिगेला जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला, म्हणजे एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. संशोधनात लाळेचे नमुने घेतात : पहिला डोळे उघडताच अंथरुणातच, दुसरा 30 मिनिटांनी, तिसरा 45 मिनिटांनी. तोवर चहा नाही, दात घासणं नाही, कारण हिरड्यांतून रक्त आलं की आकडा फुगतो. गफलत बहुधा पहिल्या नमुन्यात होते : लोक आधी मोबाईल बघतात, मग बाटली शोधतात, आणि चढाचा पायथाच हातचा जातो. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं, तर दम्याच्या स्टिरॉइड पंपाने ते कमी होऊ शकतं. एवढं सांभाळूनही बालपणी छळ सोसलेल्यांत कुणाचं जास्त निघतं, कुणाचं कमी.

प्रश्न : 20 महिन्यांची मुलगी संस्थेतून दत्तक घेतोय. उशीर झाला का? (नाशिक)

उत्तर : नाही. रोमानियात बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या 136 मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली : काही पालक-कुटुंबांत गेली, काहींची नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली. साधारण 12 व्या वर्षी ताण देऊन पाहिलं, तेव्हा संस्थेच्या वाट्याला आलेल्या मुलांचं कॉर्टिसॉल, जे अशा वेळी वाढायला हवं, फारसं हललंच नाही. सुमारे 24 महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचा प्रतिसाद मात्र घरी वाढलेल्या मुलांसारखा होता. 24 महिने ही काही लक्ष्मणरेषा नाही, पण तुमची मुलगी त्याच्या आतच आहे.

पहिले काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं तुम्ही दोघांनीच करा, आणि ठरल्या वेळी. बारशाची गर्दी पुढे ढकला, नातेवाईक रुसले तरी चालेल. ती कुणाही परक्याच्या कडेवर जात असेल तर 'किती माणसाळलेली' म्हणून कौतुक नको. ती खूण बालविकासतज्ज्ञांना सांगा. पडल्यावर रडली नाही तरी जवळ जाऊन उचलून घ्या. रडून कुणी येत नाही हे ती कदाचित संस्थेत शिकली असेल.