पहिल्या सांख्यिकी प्रकल्पाआधी

निफाडच्या द्राक्षबागेत नव्या खताने घडाचे वजन वाढते का, हा आपला प्रश्न उत्तम आहे. मात्र शून्य परिकल्पना (खतामुळे सरासरी वजनात फरक पडत नाही) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (ती परिकल्पना खरी असूनही चुकून नाकारण्याचा आपण पत्करलेला धोका) आधीच वहीत लिहून ठेवा, कारण आकडे पाहून परिकल्पना बदलण्याचा मोह बहुतेक नवशिक्यांना होतो.

खरी मेहनत आराखड्यात आहे. नवे खत विहिरीजवळच्या ओळींना आणि जुने बांधाकडच्या ओळींना दिले, तर दिसणारा फरक खताचा की पाण्याचा, हे कोणतीही चाचणी सांगू शकणार नाही. म्हणून कोणत्या ओळीला कोणते खत, हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवा. शेतावरच्या प्रयोगांत हा आग्रह ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकातच धरला होता.

नमुनाही जपून मोजा. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी दोन वेलींवरचे चाळीस घड तोलले आणि नमुना चाळीसचा असल्याचे ऐटीत लिहिले. प्रत्यक्षात तुलना दोनच वेलींची होती! आपण खत ओळीला देणार असल्याने प्रत्येक ओळीची सरासरी काढा आणि त्या सरासऱ्यांवर टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) लावा.

या चाचणीतून पी-मूल्य ०.०३ आले, तर शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के आहे, असे लिहू नका. ती परिकल्पना खरी धरल्यास इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची ती संभाव्यता आहे. पी-मूल्य ०.०५ हून अधिक आल्यास ‘पुरेसा पुरावा मिळाला नाही’ एवढेच म्हणा.

प्रसरण विश्लेषण (दोनहून अधिक गटांच्या सरासऱ्या एकत्र तपासण्याची पद्धत) सध्या राहू द्या. ऑक्टोबर छाटणीच्या आत ओळींची यादी आणि चिठ्ठ्या तेवढ्या तयार ठेवा.