52 वेळा पान काढलं, बदाम 9 वेळाच आलं. मुलीचा प्रयोग चुकला का?

नाही चुकला. वहीतले 9 खोडून 13 करू नका, एवढं सांगायलाच लिहितोय.

दहावीत आम्हाला हाच गृहपाठ होता. पान काढायचं, रंग लिहायचा, पान परत कॅटात घालून पिसायचं. असं 52 वेळा. मी ओटीवर बसून इमानदारीत केलं, अर्धी दुपार गेली. बदाम 9, किलवर 17. शेजारी चुलतभाऊ. त्याचे चारी रंग 13-13. त्याला वर्गासमोर शाबासकी आणि माझ्या वहीत लाल शाईनं ‘पुन्हा करा, लक्ष देऊन’. पठ्ठ्याचं काम दहा मिनिटांत उरकलं होतं, कारण त्यानं पान परत घातलंच नव्हतं! एकेक उलटत अख्खा कॅट संपवला. मग 13 येतील नाहीतर काय? आमच्या कॅटातली बदाम सत्ती हरवलेली, तिच्या जागी बॉलपेननं 7 लिहिलेला जोकर होता; तोही त्यानं बदामात धरला. ही संभाव्यता नव्हे, मोजदाद झाली.

पान दर वेळी परत घातलं तर 52 मध्ये नेमके 13 बदाम साधारण आठातल्या एकालाच येतात. बहुतेकांचे 10 ते 16 मध्ये पडतात, आणि चारातला एक जण त्याच्याही बाहेर जातो. तुमची मुलगी त्यातली. चारी रंग तंतोतंत 13 बघून खरं तर सरांनाच शंका यायला हवी होती.

हजार वेळा काढलंत तर 250 च्या पंधरा-वीस इकडेतिकडे येतील. म्हणजे फरकाचा आकडा वाढला, पण टक्क्यांत तो दीड-दोनच उरला. पुस्तकातला पाव हिस्सा (चारात एक बदाम) असा हळूहळू जवळ येतो.

हां, दोन-तीनच बदाम आले असते तर आधी कॅट मोजा म्हटलं असतं. पिसणंही बघा. दोन भाग करून पानं एकमेकांत सोडत पिसलं तरी सातेक वेळा लागतं, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं. आपण हातावर दोनदा पिसतो नि झालं म्हणतो.

गेल्या गणपतीत भाऊ पुन्हा म्हणाला, “माझे तेरा आले होते बाबा.” मी कॅट पुढे सरकवला. म्हटलं, काढ, आणि या खेपेला परत घाल. अकराव्या पानाला चहा आला, आणि तो उठला तो जेवायलाच आला.