अजिंठ्याला वडीलधाऱ्यांना नेताय? त्या ‘थेट गाडी’वर विसंबू नका

सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना अजिंठ्याला न्यायचंय आणि ‘ज्येष्ठांची गाडी थेट लेण्यांपाशी सोडतात’ असं तुम्हाला एका कार्यालयात सांगितलंय, हे वाचलं आणि जुनी जखम ठसठसली. पाणी, टोपी, तिकीट याबद्दल इतरांनी लिहिलंच आहे. मी त्या ‘थेट’बद्दलच बोलतो.

खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-जंक्शनला थांबतात. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनं. गाड्यांचा धूर लेण्यांपासून लांब राहावा म्हणून ही सोय आहे आणि माझ्या मते ती योग्यच आहे. पण आम्हाला एका कार्यालयानं (नाव घेत नाही) शिक्का मारून पत्र दिलं होतं: ‘हे दाखवा, सोडतील.’ नाक्यावरच्या माणसानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘हे कुणी दिलं?’’ मग फोनाफोनी. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, शेवटी ‘तुम्ही लेखी अर्ज केला होता का?’ अहो, मग हातातलं पत्र कशाचं होतं? वडील गाडीत घामाघूम. अखेर बसनंच गेलो, पण तोवर त्यांच्यातलं त्राण संपलं होतं. दोन लेणी पाहून ते बसले ते उठलेच नाहीत. १७ नंबर राहिलं.

तेव्हा पत्रबित्र विसरा, सकाळी पहिल्या बसला उभे राहा. डोली खाली पायऱ्यांपाशीच ठरवा आणि कुठल्या लेण्यापर्यंत जायचं, परत आणायचं का, हे तिथेच स्पष्ट बोला. गुडघे बरे असतील तरी ठरवा. पायऱ्या पहिल्या लेण्याआधी चढल्या की संपल्या असं नाही, पुढेही चढउतार आहेत.

सगळी ३० लेणी पाहण्याचा हट्ट नको. हे माझं मत, अभ्यासक रागावतील. १, १६, १७ आणि २६ पुरेत. पहिल्या लेण्यात शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही. डोळे सरावू द्या, मग गाभाऱ्याच्या डावीकडचा पद्मपाणी (हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र) हळूहळू उमटतो. फ्लॅश मारू नका, मारणाऱ्यालाही टोका. २६ मध्ये डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं भलंमोठं शिल्प आहे. खाली शोकाकुल शिष्य, वर मात्र आनंदात असलेले देवगण. लोक बुद्धाच्या चेहऱ्याचा फोटो काढून निघतात, खालची ती छोटी माणसं बघतच नाहीत.

जाता जाता: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही एका दिवसात उरकायचा बेत असेल तर सोडा. संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटर, वेरूळ दुसऱ्याच दिशेला. रेल्वेनं येणार असाल तर जळगावला उतरा. तिथून साठेक किलोमीटरच पडतं आणि म्हाताऱ्या पाठी तेवढ्याच कमी हादरतात.