इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या गावाला लागून रसायनांचा कारखाना आहे. साडेचार महिन्यांपूर्वी ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी पिवळट झालं, उग्र वास येऊ लागला. आम्ही कृती समिती स्थापन करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार दिली. आता जिल्हाधिकारी कार्यालयाने मंडळ, कंपनी आणि ग्रामस्थ यांची संयुक्त समिती नेमली आहे. त्यात आमचे तिघे आहेत. पहिल्या बैठकीचं इतिवृत्त कंपनीनेच टाइप करून आणलं. टँकर आणि दहा मुलांना काम, याच्या बदल्यात ‘ग्रामस्थ तक्रार मागे घेत असून यापुढे न्यायालयात जाणार नाहीत’ असं त्यात लिहिलं आहे. निम्मं गाव म्हणतं, सही करून टाका. काय करावं?
– कृती समितीची सचिव

उत्तर : ताई, समितीत जरूर बसा. ते वाक्य खोडल्याशिवाय सही करू नका. पण याहून निकडीची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : साडेचार महिने.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं खास न्यायपीठ. त्याच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खाली तिथे अर्ज करायचा तर वादाचं कारण ‘प्रथम’ घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. उशिराचं पुरेसं कारण पटवून दिलं, तर वर फार तर ६० दिवस मिळतात. त्यानंतर दार बंद. संयुक्त समितीच्या बैठका चालू होत्या म्हणून ही मुदत थांबत नाही. सांडपाणी रोज येतंय, म्हणजे कारणही रोज नव्याने घडतंय, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो केलाही आहे. पण समोरचा वकील तो ‘प्रथम’ शब्द सावकाश, दोनदा वाचून दाखवतो. त्या प्रसंगावर गावाचं नशीब टांगू नका. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी कलम १५ मध्ये पाच वर्षं आहेत, खरं. तुम्हाला आधी सांडपाणी थांबवायचंय, आणि त्यासाठी हाताशी दीड महिना आहे.

अर्ज केला तर सरकार नाराज होईल आणि समिती मोडेल, ही भीती अनेकांना वाटते. न्यायाधिकरण स्वतःच अशा प्रकरणांत मंडळ आणि जिल्हाधिकाऱ्यांची संयुक्त समिती नेमून अहवाल मागवतं. त्या समितीला तारीख असते, विचारणारं कोणीतरी असतं. नुसत्या कार्यालयीन पत्रावर उभ्या राहिलेल्या समित्या साहेबांच्या बदलीबरोबर विरताना मी पाहिल्या आहेत. तेव्हा न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे अर्जही करा आणि बैठकांनाही जा. दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या यासाठी चढू नका. हे विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत.

आता ते वाक्य. स्वच्छ पाणी आणि हवा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार प्रकरणात सांगितलं. असा हक्क सहीने सोडून देता येत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांनी आपण झोपड्या पाडण्याला आडकाठी करणार नाही, असं आधी उच्च न्यायालयात कबूल केलं होतं. तरी मूलभूत हक्कांविरुद्ध अशी कबुली आड येत नाही, असा निकाल लागला. मग सही केली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की पिकाच्या, गुरांच्या, विहिरीच्या नुकसानीची खासगी तडजोड मात्र होऊ शकते आणि तो कागद तुमच्याविरुद्ध वापरला जातो. शिवाय तक्रार मागे घेतल्याचं एकदा लेखी मिळालं की मंडळाची फाइल कपाटात जाते.

टँकर घ्या. पाणी प्यायला लागतं, त्यात लाज कसली! पोचपावतीवर एवढंच लिहा : ‘आमचे सर्व कायदेशीर हक्क व तक्रार अबाधित ठेवून पाणी स्वीकारत आहोत.’ पुढचं इतिवृत्त बैठकीतच, सर्वांसमोर, मराठीत लिहिलं जावं. असहमती असेल तर ती नोंदवूनच सही.

दहा नोकऱ्यांचा प्रश्न अवघड आहे आणि तो कायद्याचा नाही. सही करा म्हणणाऱ्यांना फितूर ठरवू नका. त्यांच्या घरात कंत्राटी मजुरीवर चूल पेटत असेल. विषय ग्रामसभेत आणा आणि एकच ठराव मागा : ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय तीन प्रतिनिधींनी गावाच्या वतीने कोणतीही तडजोड करू नये. याने त्या तिघांवरचा दबावही उतरतो.

पुराव्याचं बोलू. बाटलीत भरून ठेवलेलं पाणी न्यायाधिकरणाला चौकशी करायला उद्युक्त करेल, पण फौजदारी खटल्यात टिकणारा नमुना जल कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणेच घ्यावा लागतो : कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. म्हणून समितीत पहिली मागणी ही ठेवा, की मंडळाने पूर्वसूचना न देता नमुने घ्यावेत, त्या वेळी गावचा माणूस हजर असावा आणि अहवालाची प्रत गावाला मिळावी. दुसरी गोष्ट तर समितीकडे मागायचीही गरज नाही. त्याच कायद्याच्या कलम २५(६) नुसार कारखान्याला दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते आणि बाधित व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे. उपप्रादेशिक कार्यालयात जाऊन लेखी मागा. किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे, कुठे सोडायचं, प्रक्रिया कोणती, हे त्यात असतं. ओढ्यात थेंबही सोडायची मुभा नाही असं त्यात निघालं, तर तुमचं निम्मं काम झालं. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या, पण त्याच्या ३० दिवसांच्या भरवशावर बसून राहू नका.

कृती समिती नोंदणीकृत नाही म्हणून अडणार नाही. विहीर खराब झालेले चार-पाच शेतकरी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतात. भरपाई मागितली नाही तर शुल्क १,००० रुपये आहे. अर्जदारांत तुमचं नाव असू द्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात सापडेल.

तिथे जाताना सात-बारा, विहिरीचे तारखेसह फोटो आणि मंडळाकडे दिलेल्या पहिल्या तक्रारीची पोच घेऊन जा. पाणी पिवळं झालेलं सर्वात आधी कोणी, कोणत्या दिवशी पाहिलं, ते त्या माणसाकडून आजच लिहून घ्या. सहा महिने तिथपासून मोजायचे आहेत.