रूडिन की बार्टल-शेरबर्ट?

प्रश्न : मी बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आयआयटी-जॅमची (एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करते आहे. रिअल अ‍ॅनालिसिससाठी सीनियर मुलं वॉल्टर रूडिनचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस’च वाच म्हणतात. पहिलं प्रकरण कसंबसं झालं, दुसऱ्यात कॉम्पॅक्ट सेटपाशी गाडं अडलं. सिद्धता वाचताना कळते, पण पुस्तक मिटलं की एक ओळ लिहिता येत नाही. दुसरं पुस्तक घेऊ का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : घे. बार्टल आणि शेरबर्ट यांचं ‘इंट्रोडक्शन टु रिअल अ‍ॅनालिसिस’ घे, आणि रूडिन विकू नकोस.

तुझी कुवत कमी पडते आहे असं मुळीच समजू नकोस. रूडिनचं पुस्तक १९५३चं, आज सगळीकडे चालते ती १९७६ची तिसरी आवृत्ती. त्याची मांडणीच अशी आहे की दुसरं प्रकरण पचल्याशिवाय पुढचं काही हाती लागत नाही. बोल्झानो-वायरस्ट्रासचं प्रमेय बघ : प्रत्येक बाउंडेड (ठरावीक मर्यादेत राहणाऱ्या) सीक्वेन्सला कन्व्हर्जंट (एकाच संख्येकडे जाणारा) सबसीक्वेन्स असतो. रूडिनमध्ये तिसऱ्या प्रकरणात हे एका वाक्यात उरकतं, कारण सगळं काम कॉम्पॅक्टनेसने आधीच केलेलं असतं.

बार्टल-शेरबर्टमध्ये याच प्रमेयाच्या दोन सिद्धता आहेत. पहिलीत आधी शिखरं शोधायची. जे पद आपल्या पुढच्या प्रत्येक पदाहून मोठं किंवा तेवढंच, ते शिखर. शिखरं अनंत असतील तर ती क्रमाने उचल, उतरता सबसीक्वेन्स तयार. मोजकीच असतील तर शेवटच्या शिखराच्या पुढचं पद घे. ते शिखर नाही, म्हणजे पुढे कुठेतरी त्याहून मोठं पद आहे. तेही शिखर नाही, म्हणून त्याच्या पुढे आणखी मोठं. असा चढता सबसीक्वेन्स मिळतो. बाउंडेड आणि चढता किंवा उतरता, म्हणजे कन्व्हर्जंट. झालं! कागदावर ठिपक्यांची आकृती काढ आणि हे स्वतःच्या शब्दांत लिही. तुला येईल, याची मला खात्री आहे. दुसरी सिद्धता इंटरव्हल निम्मा-निम्मा करत जाते, तीही लिहून काढ. या पुस्तकात टोपॉलॉजी, म्हणजे तू अडलीस तो कॉम्पॅक्ट सेटचा भाग, थेट अकराव्या प्रकरणात येते, तोवर संख्यारेषेवर तुझा हात बसलेला असेल. मागे निवडक उदाहरणांसाठी हिंट्स आहेत. निदान एक संध्याकाळ झुंजल्याशिवाय त्या उघडायच्या नाहीत.

टेरेन्स टाओचे दोन खंड हिंदुस्तान बुक एजन्सीने काढले आहेत. मला ते फार प्रिय आहेत. पण तो नैसर्गिक संख्यांपासून सुरुवात करतो, बऱ्याच लेमा (सहायक प्रमेयं) तुझ्याकडूनच सिद्ध करून घेतो, आणि सीक्वेन्सच्या लिमिटपर्यंत पोचायला सहावं प्रकरण उजाडतं. परीक्षा तोंडावर असताना नको, नंतर जरूर वाच.

गाइडं मात्र हातात धरू नकोस. पाठ केलेली सिद्धता प्रश्न जरा फिरवला की निसटते, आणि जॅममध्ये प्रश्न फिरवलेलेच असतात.

रूडिनकडे परत केव्हा जायचं? बार्टल-शेरबर्टमधलं कंटिन्युइटीचं प्रकरण संपलं की रूडिनच्या चौथ्या प्रकरणाची उदाहरणं काढ. जिथे मेट्रिक स्पेस (अंतर मोजता येणारा कोणताही संच) लिहिलंय तिथे सध्या संख्यारेषा धर. इतकी कसदार उदाहरणं दुसरीकडे क्वचितच मिळतील.

नवं पुस्तक परवडत नसेल तर बार्टल-शेरबर्टची जुनी तिसरी आवृत्तीही चालेल. कॉलेजच्या ग्रंथालयात आधी विचार.