जुन्या एमजीबीवर आधीच्या मालकाने बदललेले ब्रेक पार्ट कसे ओळखायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात १९७१ सालची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली, आधीच्या मालकाने पुढचे ब्रेक बदलले होते, पावत्या एकही नाहीत आणि आता पॅड संपत आलेत. मग हे पार्ट कोणत्या गाडीचे?

माझं मत, ‘कोणत्या गाडीचे’ हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा. अशा गाडीत कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एकीचा, डिस्क दुसरीची, मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा) तिसरीचा आणि हे सगळं जुळवायला वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवर केलेली पट्टी, असा संसार असतो. एका गाडीचं नाव सापडलं म्हणून तिचा पूर्ण संच मागवलात, तर अर्धा परत करावा लागेल. प्रत्येक पार्टची ओळख वेगळी पटवा, आणि मापावरून पटवा.

मूळचं काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे वजाबाकी करता येईल. एमजीबी १९६२ ते १९८० बनली. पुढे १०.७५ इंची, म्हणजे २७३ मिमीची भरीव डिस्क आणि दोन पिस्टनचा लॉकहीड कॅलिपर, मागे १० इंची ड्रम. तुमची डिस्क दोन पत्र्यांमध्ये हवेची फट असलेली असेल किंवा कॅलिपरला चार पिस्टन असतील, तर ते नंतरचं काम आहे. मागे बहुतेक कोणी हात लावलेला नसतो; ड्रमचा आतला व्यास मोजा, २५४ मिमी भरला तर शू मूळचेच धरा.

कॅलिपर उतरवून तारेच्या ब्रशने साफ करा. कंपनीचं नाव आणि काही आकडे दिसतील. उठावाचे आकडे बहुधा ओतकामाचे असतात, पार्ट नंबर नव्हे. एकाच ओतकामातून वेगवेगळ्या मापाचे पिस्टन बसवलेले कॅलिपर निघतात, म्हणून तो नंबर शोध आवरायला वापरा, शिक्कामोर्तब करायला नको. खात्री व्हर्नियरने: प्रत्येक पिस्टनचा व्यास, बसण्याच्या दोन बोल्टांमधलं अंतर, डिस्कचा व्यास आणि जाडी. आणि गाडीवर असतानाच एक गोष्ट बघून ठेवा, हवा काढायचा निपल वरच्या टोकाला आहे ना? दुसऱ्या गाडीचा कॅलिपर उलट बाजूला बसवला की निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते आणि कितीही पंप मारा, पेडल स्पंजासारखंच लागतं.

पॅडसाठी जुना पॅड फेकू नका. युरोपीय पद्धतीच्या पॅडवर पाच आकडी डब्ल्यूव्हीए नंबर, म्हणजे पॅडच्या ओळखीचा नंबर, असतो, तो दुकानदाराला गाडीच्या नावापेक्षा जास्त सांगतो. नंबर झिजला असेल तर मागच्या पत्र्याची कागदावर आकृती काढा, जाडी लिहा आणि तो कागद घेऊन कुर्ल्याच्या पार्टच्या बाजारात जा. पॅडवर ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी दोन-दोन इंग्रजी अक्षरं असतात, ती घर्षणाची आहेत, मापाची नव्हेत.

आता आटे. इथे मी स्वतः फसलोय. माझ्या स्टँडर्ड हेराल्डला एका गॅरेजमध्ये आधुनिक मास्टर सिलेंडर बसवला होता. सिलेंडरचे आटे मेट्रिक, एम-१० बाय १. पाइपाचे नट जुने, तीन अष्टमांश इंच यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. म्हणजे ९.५ मिमीचा नट १० मिमीच्या भोकात. इंचाला २४ आटे म्हणजे चाल (दोन आट्यांमधलं अंतर) १.०६ मिमी, समोर १ मिमी. इतका फरक बोटाला कळत नाही. नट शेवटपर्यंत गेला, पान्याला घट्टही लागला. चौथ्या दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला पेडल सरळ तळाला गेलं. रस्ता मोकळा होता, हँडब्रेक ओढून गाडी थांबली. तेव्हापासून जोडणीचा प्रत्येक नट मी पिच गेज, म्हणजे आट्यांची चाल मोजायची दातेरी पट्टी, लावून बघतो, आणि तुम्हीही बघावा अशी कळकळीची विनंती आहे. पाइपाचं तोंडही बघा: काही ठिकाणी ते नरसाळ्यासारखं दुहेरी वळवलेलं असतं, काही ठिकाणी बाहेरून फुगीर. एकाची बैठक दुसऱ्याला धरत नाही.

मास्टर सिलेंडरच्या अंगावर त्याच्या आतल्या व्यासाचा मिमीतला आकडा शोधा. १९.०५ म्हणजे पाऊण इंच, २०.६४ म्हणजे तेरा सोळांश, २२.२२ म्हणजे सात अष्टमांश. हे माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण चार पिस्टनच्या कॅलिपरला सहसा जास्त तेल लागतं. पाऊण इंची सिलेंडरचं क्षेत्रफळ २८५ चौमिमी, सात अष्टमांशवाल्याचं ३८८. मोठा घातला तर तेवढ्याच पेडलला ३६ टक्के जास्त तेल जातं, पण पायाच्या त्याच जोरावर दाब सुमारे २७ टक्क्यांनी कमी पडतो. म्हणून पेडल खोल जातंय की दगडासारखं लागतंय, हेही मापांच्या शेजारी लिहून ठेवा.

ब्रेकचं तेल कोणतं भरलंय हे माहीत नसेल तर थोडं काढून पाण्यात टाका. डॉट ३ आणि डॉट ४ (ब्रेक तेलाचे नेहमीचे प्रकार) पाण्यात मिसळतं, सिलिकॉनचं वेगळं राहतं. ही दोन एकत्र करू नका. डॉट ३-४ हवेतली ओल पितं, आणि आपल्या पावसाळ्यात तर जास्तच, त्यामुळे जुनं असेल तर सगळं काढून टाका.

हे होईपर्यंत गाडी घोडबंदर रोडला नेऊ नका, गायमुखच्या उताराला तर नाहीच. पिस्टनचे व्यास, डिस्कची जाडी आणि मास्टर सिलेंडरवरचा आकडा कमेंटमध्ये लिहा, पॅडच्या पाठीचा फोटो टाका. एवढ्यावर निदान पॅड कोणता मागायचा ते सांगता येईल.