बिलात चार्ज लावलाय, मग टिप पण द्यायची का?

प्रश्न: ताई, दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन व्हेनिस, पॅरिस आणि मग न्यू जर्सीला दादाकडे चाललोय. मैत्रीण म्हणते इटलीत नुसतं टेबलावर बसायचेही पैसे लावतात. खरंय का, आणि टिप कुठे किती द्यायची?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: खरंय. त्याला कोपेर्तो म्हणतात, माणशी साधारण 1 ते 3 युरो, टुरिस्ट भागात जास्तही, म्हणजे तुम्ही चौघं असाल तर चारदा लागणार आणि टेबलावर ठेवलेल्या ब्रेडला हात लावला नाही तरी लागणार. ही फसवणूक नाही, मेनूकार्डावर कुठेतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्यामुळे बसायच्या आधीच बघून घ्या. पण ही वेटरची टिप नव्हे हं. बिलात 'सेर्वित्सियो' असं वेगळं लिहिलं असेल तर तो सर्व्हिस चार्ज, मग वर काही द्यायची गरज नाही. आणि कॉफी काउंटरला उभं राहून प्या, टेबलावर बसलात की दर बदलतो.

पॅरिसला सर्व्हिस दरातच धरलेली असते, आवडलं तर एक-दोन युरो ठेवा, बस. पाणी मागताना 'कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं, नुसतं वॉटर म्हटलं की बाटली येते आणि बिलात लागते.

अमेरिकेत मात्र हात आखडता घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार तिथल्या केंद्रीय कायद्याने तासाला 2.13 डॉलर आहे, तोही 1991 पासून तेवढाच! न्यू जर्सीत जास्त आहे, तरी घर चालतं ते टिपवरच. त्यामुळे टेबलावर जेवलात तर टॅक्सच्या आधीच्या रकमेवर 18 ते 20 टक्के धरूनच बजेट करा. कार्ड घासून झालं की स्लिप येते, तिच्यावर टिपची रिकामी ओळ असते, तिथे पेनाने आकडा आणि खाली टोटल लिहून सही करायची. दादाचं कुटुंब धरून मोठा ग्रुप झाला तर बऱ्याच ठिकाणी 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, बिलात आधीच लावलेली असते, ती बघा, नाहीतर दोनदा जाईल. काउंटरवरून पार्सल घेताना स्क्रीनवर टिप विचारतात, तिथे नाही म्हटलं तरी चालतं.

आपल्या मुंबईत सर्व्हिस चार्ज काढून टाका म्हणता येतं, 2022 च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांमुळे, पण तो नियम आपला, तिकडे त्यावरून वाद घालू नका. आणि मशीनवर रुपये की युरो असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा रेट बहुतेकदा महागात पडतो.